मंदिराचा जीर्णोद्धार आणि मंडपातील कला

(कलशारोहण सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी मंदिराच्या नव्या सभामंडपात झालेले भाषण)



श्री देव रवळनाथाच्या कृपेने आणि आपणां सर्वांच्या हातभाराने हे कार्य सिद्धीस गेले, याबद्दल प्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन करतो. कोणी दगड दिला, कोणी लाकूड दिले, कोणी पगारातून दरमहा रक्कम बाजूला काढली. ज्यांच्याजवळ यापैकी काहीच नव्हते त्यांनी अंगमेहनत दिली. देणगीदारांच्या फलकावर ज्यांची नावे आली त्यांचे कौतुक आहेच. ज्यांची आली नाहीत त्यांचेही ऋण या वास्तूवर तेवढेच आहे.

अशा प्रसंगी देवाच्या माहात्म्यावर बोलण्याचा प्रघात आहे. परंतु ते काम कालच्या कीर्तनात अधिकारी व्यक्तीने उत्तम प्रकारे केलेले आहे. मी आज देवासमोरच्या या मोकळ्या जागेविषयी, म्हणजे ज्या सभामंडपात आपण बसलो आहोत त्याविषयी बोलणार आहे. गाभारा देवाचा, हे खरे. पण मंडप कोणाचा? आपल्या पूर्वजांनी गाभारा लहान बांधला आणि मंडप ऐसपैस ठेवला, तो कशासाठी? या मंडपात पंचायत बसत असे, पुराण सांगितले जाई, भजनाच्या बाऱ्या होत, शिमग्याचे खेळ येत, आणि वार्षिक जत्रेच्या रात्री पालखी फिरून आली की येथेच दशावताराचा पेटारा उतरत असे. नाट्यगृह, वाचनालय आणि संगीतशाळा, तिन्ही एका छपराखाली गावाला मिळत होती आणि प्रवेशासाठी तिकीट नव्हते. म्हणून मला असे वाटते की, मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण झाला असे म्हणावयाचे असेल, तर भिंती आणि कलश यांबरोबर मंडपात नांदणाऱ्या कलेचाही विचार झाला पाहिजे.

दशावतार आपणांस नवा नाही. परंतु घरचा माणूस रोज दिसतो म्हणून त्याच्याकडे नीट पाहणे राहून जाते, तसे या कलेचे झाले आहे. कार्तिक महिन्यापासून जत्रा सुरू होतात आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत आपल्या जिल्ह्यातील नाटकमंडळ्या रोज नव्या गावी असतात. या रंगभूमीला लागते काय? एक पडदा, एक बाकडे, पायपेटी, मृदंग आणि झांज. ते बाकडे राजाने बसले की सिंहासन होते, ऋषी बसला की दर्भासन होते आणि नायिका टेकली की उद्यानातील शिळा होते. बाकीचे सगळे प्रेक्षकाने मनाने उभे करावयाचे असते.

आणि संवाद? ते कोठेही लिहिलेले नसतात. संध्याकाळी रंगपटात तोंडाला रंग लावता लावता आख्यान ठरते, कोणी काय करावयाचे हे बोलण्यात येते, आणि पुढचे सर्व रंगमंचावर उभ्या उभ्या सुचते. समोरच्या पात्राने धर्माचा प्रश्न टाकला तर त्याला तेथेच उत्तर द्यावे लागते. हे करणारा माणूस विद्यापीठातून शिकून आलेला नसतो. तो आपल्यासारखाच शेतकरी, मजूर, सुतार असतो. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ अशी म्हण आपल्याकडे या कलावंतांमुळेच पडली. रात्रभर ज्याने मुकुट घातला तोच सकाळी सामानाचे ओझे उचलून पुढच्या गावाची वाट धरी. आज टेम्पो आले आहेत, तेव्हा पायपीट गेली, एवढा फरक.

आरंभीच्या आडदशावतारात गणपती येतो, सरस्वती येते, मग वेद पळविणारा संकासुर येतो आणि विष्णूच्या हातून मरतो. सरस्वतीला नमस्कार केल्याखेरीज खेळ सुरू होत नाही आणि वेद परत मिळाल्याखेरीज आख्यान पुढे सरकत नाही, हे आपण ध्यानात घ्यावे. पुन्हा गंमत अशी की, देव शुद्ध भाषेत बोलतात आणि संकासुर आपल्या मालवणीत बोलतो. काळे कपडे घातलेला, लाल जीभ बाहेर काढणारा हा असुर पुढे बसलेल्या मोठमोठ्या मानकऱ्यांची थट्टा करतो आणि ती सर्वांनी हसून घ्यावयाची असते. गावातल्या मोठ्या माणसाला चार लोकांत टोचून बोलण्याची सोय या मंडपाने करून ठेवली होती. ज्या काळी बहुसंख्य गावकऱ्यांना अक्षरओळख नव्हती, त्या काळी हरिश्चंद्राचे सत्त्व, कर्णाचे दातृत्व आणि द्रौपदीचा सवाल त्यांना ठाऊक होता. तो त्यांना या बाकड्यासमोर बसून ठाऊक झाला. कलेची किंमत काय, असे कोणी विचारले तर मी हे उदाहरण देईन.

याच वातावरणात वाढलेली आपली बोली पुढे मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर गेली. १९८० साली गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ आले, मच्छिंद्र कांबळी यांनी ते गाजविले, आणि गावातली नाटकाची धांदल पाहून सारा महाराष्ट्र हसला. ज्या बोलीत बोलावयास आपली मुले शहरात संकोचत होती, ती बोली तिकीट काढून ऐकण्यासाठी रांगा लागल्या. ही पुंजी गावच्या मंडपातली आहे, हे आपण विसरता कामा नये.

आता थोडे कलेच्या पोटापाण्याविषयी. कला देवाच्या दारी वाढली म्हणजे तिला पोट नव्हते असे नाही. तिला कोणीतरी आश्रय देतच आले आहे, आणि आश्रय सुटला की तिचे काय होते याची साक्ष आपल्या इतिहासात आहे. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण १८४३ सालापासून मानतो. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या प्रोत्साहनाने विष्णुदास भावे यांनी त्या वर्षी ‘सीता स्वयंवर’ सादर केले. दरबाराचा आधार होता तोवर खर्चाची चिंता नव्हती. १८५१ साली चिंतामणराव निवर्तले आणि तो आधार गेला. मग भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले, आणि १८५३ साली मुंबईत तिकीट लावून त्यांनी प्रयोग केले. राजा गेला तेव्हा प्रेक्षकाला राजाची जागा घ्यावी लागली, असा याचा अर्थ आहे.

आपल्या जिल्ह्यातही तसेच घडले. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाची चित्रकथी आपण ऐकली असेल. कागदावर रंगविलेली चित्रे एकामागून एक दाखवीत रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगावयाची, अशी ही कला. कळसूत्री बाहुल्यांचा खेळही त्याच लोकांनी जपला. सावंतवाडी संस्थानचा त्यांना आश्रय होता. संस्थान विलीन झाले, सिनेमा आला, आणि चित्रांच्या पोथ्या घरच्या माळ्यावर गेल्या. त्या वाचल्या त्या त्यांच्यातल्याच काही कुटुंबांच्या जिद्दीमुळे. परशुराम गंगावणे यांनी स्वतःच्या गोठ्याच्या जागेत संग्रहालय उभे केले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गोठ्यातून पद्मश्रीपर्यंतचा हा प्रवास अभिमानाचा खराच, पण एवढ्या मोठ्या परंपरेला आसरा म्हणून गोठा का मिळावा, हाही प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

दुसरे उदाहरण सावंतवाडीच्याच गंजिफांचे. दशावतारी गंजिफांच्या एका संचात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पाने हाताने रंगवावी लागतात. खेळणारे उरले नाहीत तेव्हा रंगविणारेही उरले नाहीत. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी उतारवयातील जुन्या चिताऱ्याकडून ती विद्या नव्या हातांत उतरवून घेतली, म्हणून ती आज दिसते. जाणता माणूस हयात असताना लक्ष गेले, म्हणून हे साधले. तो गेल्यावर कितीही निधी मंजूर केला तरी विद्या परत येत नाही.

बंधुभगिनींनो, येथवर मी कलेला मिळालेल्या आश्रयाविषयी बोललो. पण आश्रय होता त्या काळीही मंडप सर्वांना खुला होता काय? तिकीट नव्हते हे खरे. तरी काहींना पायरीवरून आत येण्यास मज्जाव होता. देऊळ ज्यांना बंद होते त्यांना देवळातले नाटक, कीर्तन आणि पुराणही बंद होते. ते बाहेर अंगणात, दूर उभे राहून ऐकत. वाजविण्याचे काम काहींच्याकडे परंपरेने होते, त्यांचे वाद्य देवाला चालत होते आणि माणूस मात्र चालत नव्हता. आपल्या कोकणचे सुपुत्र साने गुरुजी यांनी १९४७ साली पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा ते दर्शनासाठी लढत होते हे खरेच. पण दाराबरोबर मंडपही उघडतो आणि मंडपाबरोबर विद्याही उघडते, हे त्या लढ्याचे फळ आहे.

बायकांचीही कथा निराळी नाही. दशावतारात स्त्रीपार्टी नट पुरुष. ते काम इतके सुंदर करतात की, लुगडे कसे नेसावे हे त्यांच्याकडून शिकावे असे आमच्या आया म्हणत. तथापि बाईने रंगमंचावर पाऊल टाकणे मात्र पिढ्यानुपिढ्या निषिद्ध राहिले. शेजारच्या गोव्यात देवळाच्या सेवेतील कलावंतीणींच्या घरी गाणे होते, पण त्यांना समाजात प्रतिष्ठा नव्हती. त्याच परंपरेतून केसरबाई केरकर आल्या. फोंड्याजवळच्या केरी गावी जन्मलेल्या या बाईंना १९६९ साली पद्मभूषण मिळाले, आणि १९७७ साली अमेरिकेने अंतराळात पाठविलेल्या व्हॉयेजर यानांतील तबकडीवर त्यांची भैरवी गेली. ज्या घराण्यांना गावाने मानाचे पान दिले नाही, तेथला आवाज सूर्यमालेपलीकडे पोहोचला. आज आपल्या जिल्ह्यात बायकांनी स्वतःची दशावतारी मंडळे उभी केली आहेत. त्यांना जत्रेत रात्र देण्यास आपण का कचरावे?

दारे उघडल्याने कला भ्रष्ट होते, अशी भीती काही वडीलधाऱ्या मंडळींना वाटते. त्यांच्या मनाचा आदर ठेवून मी केरळचा दाखला देतो, कारण तेथेही देवळातच वाढलेले एक प्राचीन नाट्य आहे. त्याचे नाव कूडियाट्टम. काही मोठ्या देवळांच्या आवारात त्यासाठी खास नाट्यमंडप बांधलेले आहेत. करणारे ठरावीक घराण्यांतले आणि पाहणारेही ठरावीक जातींचे, असा तेथला नियम होता. प्रेक्षक कमी होत गेले, देवळांचे उत्पन्न घटले आणि कला अखेरच्या घटका मोजू लागली. तेव्हा पैंकुळम राम चाक्यार या थोर नटाने १९४९ साली स्वजनांचा रोष पत्करून ही परंपरा देवळाबाहेर नेली. १९६५ साली केरळ कलामंडलम् या संस्थेत तिचे वर्ग निघाले आणि इतर समाजांची मुले शिकू लागली. २००१ साली युनेस्कोने मानवजातीचा अमूल्य वारसा म्हणून कूडियाट्टमचा गौरव केला. दार उघडले म्हणून ती कला तरली.

जुने अडसर पुष्कळसे दूर झाले, आता नवे आले आहेत. त्यांतील काहींचा येथे उल्लेख करतो.

पहिला अडसर कमाईचा. दशावतारी नटाचा हंगाम सहा-सात महिन्यांचा. पावसाळ्यात शेती किंवा मजुरी. आजारपण आले तर रजा नाही, म्हातारपण आले तर निवृत्तिवेतन नाही. करोनाच्या साथीत हे उघडे पडले. मार्च २०२० मध्ये जत्रा थांबल्या. देवळे त्या नोव्हेंबरात उघडली, २०२१ च्या वसंतात पुन्हा बंद झाली आणि त्या वर्षी घटस्थापनेला पुन्हा उघडली. या काळात देवाची पूजा एका पुजाऱ्याने चालू ठेवली, पण नटाचे पोट कोणी चालू ठेवावयाचे, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते.

दुसरा अडसर कागदाचा. राज्य शासनाची वृद्ध साहित्यिक व कलाकारांसाठी मानधन योजना आहे. राजर्षी शाहू महाराजांचे नाव तिला दिलेले आहे आणि २०२४ पासून तिचे मानधन दरमहा ५,००० रुपये झाले आहे. वयाची पन्नाशी उलटलेल्या गरजू कलावंताला ते मिळू शकते. पण आपण इतकी वर्षे कला सादर केली याचे पुरावे जोडावे लागतात. आता आपल्या जत्रेचा व्यवहार कसा होतो ते आपण जाणता. नारळ दिला, विडा दिला, तोंडी बोलणे झाले, रात्र ठरली. तीस वर्षे राजा झालेल्या माणसाजवळ दाखवावयास एक चिठ्ठी नसते. शहरातल्या कलावंताजवळ कात्रणे असतात, छायाचित्रे असतात, मानपत्रे असतात. आमच्या नटाचे मानपत्र म्हणजे पहाटेपर्यंत जागलेली माणसे, आणि ती अर्जाला जोडता येत नाहीत.

तिसरा अडसर शाळेचा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांना कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक मिळावयाचा, तो पटसंख्या शंभरावर असेल तरच. आपल्या डोंगराळ भागातील शाळांतून शंभर मुले कोठून येणार? म्हणजे ज्या मुलाला शहरातल्या क्लासची सोय नाही, त्यालाच शाळेतही चित्रकलेचा, गाण्याचा गुरू नाही.

चौथा अडसर आपण स्वतः बांधीत आहोत, म्हणून तो स्पष्ट सांगतो. अनेक ठिकाणी जीर्णोद्धारानंतर मंडपाला स्लॅब येतो, भिंतींना गुळगुळीत फरशी लागते, मधोमध खांब येतात, लोखंडी जाळ्या बसतात. दिसावयास शोभा येते. पण जुन्या लाकडी आढ्याखाली आणि सारवलेल्या जमिनीवर नटाचा साधा आवाज शेवटच्या माणसापर्यंत स्वच्छ जाई, तेथे आता मृदंगावर थाप पडली की नुसता घुमारा उठतो. मग ध्वनिवर्धक लागतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. त्यांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. वर्षातील फार तर पंधरा दिवस शासन मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. आजारी माणसाला झोप मिळावी म्हणून केलेला हा नियम योग्यच आहे. पण आवाज मुळातच नीट ऐकू येणारा मंडप आपण बांधला, तर यंत्राची गरज कमी पडेल आणि पहाटेचा दहीकाला पहाटेलाच होईल.

काही मंडळी म्हणतील की, गावात पाण्याची अडचण आहे, दवाखाना लांब आहे, तरुण पोरे मुंबईला जात आहेत, अशा वेळी नाटका-भजनाचे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. पाणी पाहिजे, दवाखानाही पाहिजे. परंतु मुंबईला गेलेला चाकरमानी गावी परत कशासाठी येतो, याचाही विचार करावा. तो गणपतीला येतो, शिमग्याला येतो, जत्रेला येतो. म्हणजे जेथे चार माणसे एकत्र बसून गातात, नाचतात, नाटक पाहतात, तेथे तो येतो. आज या मंडपासाठी जो पैसा उभा राहिला तो त्याच ओढीने उभा राहिला. ती ओढ सुटली तर पुढच्या पिढीजवळ पाण्याच्या योजनेसाठीही वर्गणी मागावयास जागा राहणार नाही.

आता समितीपुढे माझ्या नम्र सूचना ठेवतो. फार खर्चाच्या नाहीत.

एक. मंडपात रंगमंचाची जागा कायम राखावी. तेथे कपाटे, देणगीपेट्या आणि फलक येऊ देऊ नयेत. रंगपटासाठी एक बंद खोली, आरसा, पाणी आणि स्वच्छतागृह असावे. रात्रभर देव होणाऱ्या माणसाला सकाळी तोंड धुण्यास जागा शोधावी लागू नये.

दोन. देवस्थानने एक नोंदवही घालावी. जत्रेच्या प्रत्येक रात्री कोणती मंडळी आली, कोणते आख्यान झाले, कोणी कोणती भूमिका केली, पेटीवर कोण, मृदंगावर कोण, हे लिहून समितीने सही-शिक्का करावा आणि मागेल त्या कलावंताला तिची नक्कल द्यावी. एक वही आणि एक पेन, एवढाच खर्च. एखाद्या म्हाताऱ्या नटाला मानधन मिळण्यास तीच वही उपयोगी पडेल, आणि शंभर वर्षांनी गावाचा इतिहास लिहिणाऱ्यालाही.

तीन. देवस्थानच्या ठेवींवर जे व्याज येईल त्यातील ठरावीक हिस्सा दरवर्षी कलेसाठी राखावा. मंडळीची बिदागी प्रयोग संपताच, सकाळी, हातात द्यावी. पुढच्या जत्रेचे आश्वासन देऊ नये.

चार. मे महिन्याच्या सुटीत याच मंडपात मुलांना मृदंग, पेटी, भजन आणि दशावतार शिकविण्याचा वर्ग घ्यावा. जाणत्या नटाला त्याबद्दल मानधन द्यावे. त्या वर्गात सर्व वाड्यांची मुले असावीत आणि मुलीही असाव्यात. कोणाचा बाप देणगीदार आहे आणि कोणाचा नाही, हे तेथे विचारू नये.

समितीने यांतील एक जरी सूचना यंदाच्या जत्रेपूर्वी अमलात आणली, तरी आजचा समारंभ सार्थकी लागला असे मी समजेन. माझे मत विचाराल तर नोंदवहीपासून आरंभ करावा, कारण तिला कोणाच्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

पूर्वजांनी आपल्या हाती गाभारा दिला तसाच मंडपही दिला. गाभाऱ्यातला देव आपण सांभाळला. मंडपातला देव रंग लावून येतो, त्याला भूक लागते, तो म्हातारा होतो आणि त्याला उपचारांची गरज पडते. त्याची सेवा हीही देवाचीच सेवा आहे, अशी माझी श्रद्धा आहे.

तेव्हा शेवटी आपल्या रीतीप्रमाणे देवापुढे गाऱ्हाणे घालतो. बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या मंडपात पेटारो उतरांदे, मृदंग वाजांदे, सगळ्या वाड्यांची पोरां एका जाजमार बसांदे, आणि जो रात्रभर आमका जागवता तेच्या घरातली चूल पेटती ऱ्हवांदे रे म्हाराजा! आपण सर्वांनी त्यावर एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणावे, एवढी विनंती करतो.